उघड्या भिंतींची वस्ती

प्रिय अंजू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी हसूच आलं असेल. आजकाल टपालानं पत्र कोण पाठवतं, मनी येडी झाली का काय, असंही म्हणाली असशील. म्हण. फोन माझ्याकडं आहे, रिचार्ज मारलेला आहे, आणि मागच्या आठवड्यात तू फोन केलतास तेव्हा "सगळं बरं आहे, तू काळजी करू नको" असं मीच तुला म्हणाले, तेही मला आठवतं. पण तुझ्या आईनं मला शपथ घातलीय. माझ्या धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून वत्सलाकाकी म्हणाली, अंजूला यातलं एक अक्षर फोनवर सांगायचं न्हाई. शपथ फोनची आहे, म्हणून मी कागद घेतला. निवांत वाच. फक्त ऑफिसात वाचू नको. तिथं तुझ्याबद्दल लोकांना जे माहीत आहे ते तसंच राहिलेलं बरं.

आधी इकडची खबर सांगते, नाहीतर म्हणशील मनीला भांडण्याशिवाय दुसरं काही येत नाही. पाडव्याच्या सुमाराला आमची ऊसतोडीची टोळी कारखान्यावरून परत आली. बोरमाळवर ऊन असं पडलंय की दुपारी कुत्रंसुद्धा सावलीतून हलत नाही. टँकर कधी येतो, कधी येत नाही. सत्यम बरा आहे, नवरा झाला तरी अजून तसाच घुम्या. तू हसायचीस ना, मनीला मामाच्याच घरी दिली, माहेर अन् सासर एका हाकेवर! तेच आता बरं पडलं, निदान वस्ती सुटली नाही माझी. थोरली वाचायला लागलीय, दुकानाच्या पाट्या वाचत चालते आणि ठेचकाळते. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. डॉक्टरनं घागर उचलायला मना केली तर म्हणते, मग काय डॉक्टर येणार हाय का पाणी भरायला? अशी आहे ती. तुला आठवते ना कशी आहे ती?

बीडचा वर्ग तरी आठवतो का? स्टँडमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, जिथं पंखा फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. बारावी झालेल्या खेड्यातल्या पोरींना कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवणार म्हणून आपण दोघी गेलतो, आणि तांबोळी सरांनी पहिल्याच दिवशी पडद्यावर आभाळातून काढलेला अख्खा जिल्हा दाखवला. तुला माऊस धरता येत नव्हता. मी धरला तर परळीच्या राखेच्या तळ्यावरून घसरत थेट समुद्रात गेले आणि सगळा वर्ग हसला. मग तू हळूहळू सरकत सरकत आष्टी शोधलीस, आष्टीतून रस्ता धरलास, रस्त्यावरून माळ, आणि माळावर आपली घरं दिसली तशी तू खुर्चीवर उभी राहून ओरडलीस, "सर, हे आमचं बोरमाळ! ही आमची घरं!" तांबोळी सर म्हणाले, बाई, खाली उतर, खुर्ची सरकारी न्हाई, माझी हाय. मला तो तुझा आवाज अजून जशाच्या तसा ऐकू येतो. त्याचाच मला आता राग येतो.

कामात तू माझ्यापुढं होतीस, हे मी आजही कबूल करते. पडद्यावर घराच्या कडेकडेनं रेघ फिरवून चौकोन बंद करायचा, त्याला नाव द्यायचं, विहीर वेगळ्या थरात, रस्ता वेगळ्या थरात, सगळं तुला बघता बघता जमलं. मला बाहेरचं काम आवडायचं. पालीला धरणाच्या कडेनं हातात जीपीएस घेऊन फिरवलं होतं सरांनी, तेव्हा तुझी चप्पल तुटली, तू लंगडत चाललीस, आणि संध्याकाळी पडद्यावर माझी रेघ सरळ आणि तुझी नागमोडी आली. सर म्हणाले, हा नकाशा धरणाचा न्हाई, अंजूच्या चपलीचा हाय. किती हसलो गं आपण! आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्याकडून ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं, की वरून जे दिसतं त्याला नाव द्यायच्या आधी खाली जाऊन माणसाला विचारायचं. सर तेवढी एकच गोष्ट परत परत सांगायचे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल म्हणायचे.

मग जेठात आपण बोरमाळचा नकाशा केला, परीक्षेसाठी. सगळी वस्ती घरी होती. आपण घरोघर गेलो, भिंती मोजल्या, म्हाताऱ्यांनी चहा पाजला. तू सगळ्यात आधी तुझं घर काढलंस. सरांचा लॅपटॉप तुमच्या ओट्यावर ठेवून तू आईला बोलावलंस आणि म्हणालीस, बघ, हे आपलं घर, हा आण्णांनी बांधलेला ओटा, ही चूल. काकी भाकरी थापत होती, तिनं पिठाच्या हातानं पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मग मी कुठं हाय यात? तू म्हणालीस, तू आतमध्ये हायेस गं, छताखाली, म्हणून दिसत न्हाईस. पंडितकाका, तुझे आण्णा, तेव्हा होते. त्यांनी डोक्याची टोपी काढून पुन्हा नीट घातली, जसं काही फोटोच काढतंय कुणी. त्या वर्षीच्या थंडीत ते गेले.

माझं शिक्षण तिथंच थांबलं. वहिनीला दिवस गेलते, भावाचा जोडीचा कोयता अर्धा राहिला, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम घेत नाही, म्हणून दुसरा अर्धा म्हणून मला ट्रॅक्टरवर चढवलं. तू सोडायला आलतीस. रडलीस. म्हणालीस, मनी, मी दोघींच्या वाटणीचं शिकते. मी तुझ्यावर जळले नाही, अंजू. देवाशप्पथ सांगते. तुला पुण्यात त्या नकाशाच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी उसाच्या फडात होते आणि हातातला कोयता टाकून नाचले होते. मुकादम ओरडला. तुझी आई फडात येईल त्याला सांगायची, माझी पोरगी नकाशे काढती, आपण हायेत ना, तर आपण कुठं हायेत ते ती सरकारला दाखविती. कुणाला काही कळायचं नाही, पण सगळे माना हलवायचे.

आता ऐक. मागच्या पुसात, ऐन थंडीत, आम्ही सगळे कारखान्यावर असताना, आपल्या गावावरून ड्रोन फिरला. घराघराची मोजणी होणार, प्रत्येकाला स्वतःच्या घराचं कार्ड मिळणार, अशी दवंडी आधीच झाली होती. ज्याचं घर नकाशात त्याला कार्ड. ज्याचं नकाशात नाही त्याची जागा गावाची मोकळी जागा. थंडीत आभाळ स्वच्छ असतं म्हणून ड्रोन थंडीत उडवतात, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. आणि थंडीत बोरमाळ कसं असतं, हे तुला मी सांगायची गरज नव्हती.

पण तुला बरंच काही आठवेनासं झालंय, म्हणून सांगते. दसरा झाला की आपण घराचे पत्रे काढतो. माळावर वारं असं की पाठीमागं पत्रा राहत नाही, आणि कारखान्यावर राहायची कोपी उभी करायला डोक्यावर काही तरी लागतंच. म्हणून पत्रे ट्रॅक्टरमध्ये खाली, त्यावर भांडी, त्यावर गोधड्या, आणि सगळ्यात वर पोरं. कोपीच्या गर्दीत पत्र्यांची अदलाबदल होते म्हणून प्रत्येकाच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं नाव. तुमच्या पत्र्यावर "पंडित" असं मोठं लिहिलेलं होतं, काकांनी स्वतः, तिसरीपर्यंतच्या अक्षरात. त्या नावावर बसून तू लहानपणी किती वेळा गेलीस? पत्रा तापायचा आणि तू माझ्या मांडीवर सरकायचीस. पाडव्याला परत आलो की तेच पत्रे पुन्हा त्याच भिंतींवर. सहा महिने घर बोडकं, सहा महिने टोपी घातलेलं. बोरमाळच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. जगात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. पण ज्या ऑफिसात आपल्या गावाचे फोटो गेले, त्या ऑफिसात तर बोरमाळची एक पोरगी बसलेली होती ना! आम्ही निर्धास्त होतो. काकी तर म्हणाली, आपली अंजूच काढणार म्हणल्यावर काय बघायचं.

गेल्या महिन्यात तुमच्या ऑफिसातला हरिओम आला. ओळखतेस ना? चष्म्यातला, उंच, बोलायला गोड. नकाशाचा कच्चा कागद पंचायतीच्या भिंतीवर लावायला आलता. ते झाल्यावर सहज वस्ती बघायला म्हणून माळावर आला आणि घरांवर पत्रे, दारात पोरं, चुलीचा धूर बघून उभाच राहिला. म्हणाला, ताई, तुम्ही सगळे इथं कधी राहायला आलात? मी म्हणाले, आमचे आजे-पणजे इथलेच हायेत, बसा, चहा घ्या. तुझी आई आमच्या ओसरीत मटकी निवडत बसली होती. बिचाऱ्याच्या मनात काही पाप नव्हतं, अंजू. तो हसत हसत सांगायला लागला. म्हणाला, आमच्या ऑफिसात या फोटोंची लई मजा झाली. सगळी घरं बिनछताची, नुसत्या भिंती, कुणी म्हणालं भुताचं गाव आहे. आमचे साहेब म्हणाले, जागेवर जाऊन बघावं लागेल. पण आमच्या अंजू मॅडम आष्टीच्याच. त्यांच्या वडिलांचं आष्टीत कापडाचं दुकान होतं, जुनं घराणं, त्यांना तालुका पाठ आहे. त्या म्हणाल्या, सर, ती जुनी पडझड आहे, तिथं कुणी राहत नाही, जायची गरज नाही. म्हणून आम्ही सगळ्यावर पडझड टाकून मोकळे झालो. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं मॅडमचं, एक खेप वाचली म्हणून.

कापडाचं दुकान! अगं पंडितकाकांच्या अंगावर कधी धड सदरा नव्हता, आणि तू त्यांना कापडाच्या दुकानात बसवलंस? शेठ केलंस बापाला, आणि त्याचं घर पाडलंस. तेही बसल्या जागेवरून, एक बोट हलवून. ऑफिसात सगळे हसत होते तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मी पुष्कळ वेळा डोळ्यापुढं आणून बघितलं. तोंड लाल झालं असेल. वाटलं असेल, आता बोलले तर कळेल की मॅडम उसाच्या ट्रॅक्टरवर बसून वाढली. बस्स, एवढंच ना? तेवढ्या एका लाजेसाठी तू चाळीस-पन्नास चुलींवर पाणी ओतलंस? कावून गं? ऊस तोडणं म्हणजे चोरी आहे का? मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. मला लई राग आला, आणि तो उतरलेला नाही.

पण मी तुझ्या आईकडं बघत होते. तिनं मान वर केली नाही. मटकी निवडत राहिली. हरिओमनं तिला विचारलं, आजी, तुमचं घर कोणतं? माझ्या जिभेवर आलं होतं, की ही तुमच्या मॅडमची आई, हे समोर दिसतंय ते मॅडमचं घर, आणि त्या पत्र्यावरचं नाव वाचा. मी तोंड उघडलं तर काकीनं माझ्या पायाला चिमटा काढला, असा की रक्त साकळलं. आणि म्हणाली, माझं घर न्हाई बाबा, मी हिच्याकडंच असती, हिची पोरं सांभाळती. हरिओम चहा पिऊन गेला. तो दिसेनासा झाल्यावर काकी उठली, शेजारून रॉकेलची बाटली मागून आणली, शिडी लावली, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढून पत्र्यावरचं "पंडित" पुसायला लागली. मी खालून ओरडले, काकी, पडशील, उतर, काय खुळ लागलं? ती म्हणाली, त्यो परत येईल, त्याला वाचता येतं.

दुसऱ्याच दिवशी मी बीड गाठलं. तांबोळी सरांचे केस पिकलेत, पंखा तोच आहे. त्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, अंजू? आपली अंजू? मग त्यांनी मला पुन्हा खुर्चीत बसवलं. लेकरं सासूवर टाकून मी रोज पहिल्या एसटीनं जात होते आणि उजाडल्यापासूनची धूळ अंगावर घेऊन परत येत होते. माझी बोटं कोयत्यानं जाड झालीत, बटण एक दाबायला गेले की दोन दाबली जातात. चौकोन बंद करताना रेघ निसटते. विसरलेलं सगळं पहिल्यापासून शिकले: कच्चा नकाशा पडद्यावर जागेवर कसा बसवायचा, त्यावर आपलं मोजमाप कसं चढवायचं, कुठं किती चुकलंय ते साहेबाला दिसेल असं कसं दाखवायचं. चिडून शिकताना माणूस लवकर शिकतं, हे मला कळलं. सरांनी जीपीएस दिलं, आणि मी घरोघर फिरले, एकटी. तुझ्या जागी माझ्यासोबत कुणी नव्हतं. प्रत्येक घराच्या चारी कोपऱ्यांवर थांबले, प्रत्येक घरधन्याला दारात उभं करून फोटो काढला, डोक्यावरच्या पत्र्यासकट. तुमच्या घराचं मापही घेतलं. काकी दारात उभी राहिली नाही. म्हणाली, माझे केस विस्कटलेत, नंतर बघू.

मग पंचायतीत हरकतींची सुनावणी झाली. मोजणीचे सरकारी साहेब आले, सोबत हरिओम आला. मी लॅपटॉप उघडून आमचा नकाशा दाखवला, पत्र्यांचं सगळं समजावून सांगितलं. साहेब माणूस बरा निघाला. म्हणाला, एवढं स्वच्छ काम मी बघितलं नाही, पण नियम आहे, प्रत्येकानं पुढं येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं की हे माझं घर आणि मी इथं राहतो. एकेक जण उठत गेला. माझी सासू तर साहेबाच्या अंगावरच धावून गेली, म्हणाली, माझी बाळंतपणं त्या भिंतीत झाली आणि तू म्हणतोस पडझड? सगळे हसले, साहेबसुद्धा. पडझड खोडून एकेका घरापुढं खूण होत गेली. हरिओमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो दोनदा म्हणाला, मॅडमला कसं माहीत नव्हतं काय माहीत.

शेवटी तुमचं घर राहिलं. साहेब म्हणाले, आणि हे ओट्याचं? हे कुणाचं? काकी मागं भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणाले, काकी, उठ, नाव सांग. तिला नाव सांगायचं होतं फक्त. वत्सलाबाई पंडित, आणि पुढं तुझं आडनाव. हरिओमनं पेन उघडून धरलं होतं. काकी उठली, पदर सावरला, आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "ते पडलेलंच हाय साहेब. त्याला कुणी धनी न्हाई. तुमच्या बाईनं बरोबर काढलंय." मी ओरडले. बायका ओरडल्या. ती ऐकेना. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली. सगळ्या बोरमाळवर एकच चौकोन राहिला ज्यावर पडझड लिहिलेलं आहे, आणि पंचायतीनं लगेच ठरवलं की मोकळी जागा निघालीच आहे तर पाण्याची टाकी तिथं बांधू.

घरी येताना मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हणाले, म्हातारे, तुझ्या नवऱ्यानं एकेक दगड डोक्यावर वाहून आणला त्या भिंतींना, आणि तू असं बोललीस? ती चालत राहिली. मग म्हणाली, मने, मी नाव सांगितलं असतं तर त्या चष्म्यावाल्यानं लिहिलं असतं. ऑफिसात गेलं असतं. मग पोरीला तिथं कोण मॅडम म्हणलं असतं? भिंती काय, मला कुठंबी निजता येतं. असं म्हणून तिनं मला ती शपथ घातली. त्यानंतर ती रडली नाही, जेवली आणि भांडी घासली. मी रडले, तुमच्या ओट्यावर बसून. त्या जागेवर तुला आण्णांच्या नावानं पक्कं घर बांधायचं होतं, प्रत्येक पाडव्याला तू तेच बोलायचीस, खिडक्या कुठं ठेवायच्या तेही तुझं ठरलेलं होतं. तुझ्याकडं स्वतःची म्हणायला जगात दुसरी जागा नाही, हे मला माहीत आहे. साहेब निघताना मी त्यांना गाठलं, काकीला एक पोरगी आहे, पुण्याला असते, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, अजून मुदत आहे. आई नाही म्हणाली तरी पोरगी वारस आहे. तिनं मुदतीच्या आत स्वतः इथं यावं, लोकांसमोर उभं राहून सांगावं की हे माझ्या वडिलांचं घर, आम्ही ऊसतोडीला जातो म्हणून छत काढतो. एवढं सांगितलं की मी घर नावावर लावून देतो. हरिओम पुढं गाडीत बसला होता, त्याला ऐकू गेलं नाही.

आता हे पत्र कावून लिहिलं ते सांगते. शपथेचं वर लिहिलंय ते खोटं नाही, पण शपथ मोडायला मी कधी भ्यालेय का? मुदत सोमवारी संपते. मी फोन केला असता तर तू आली असतीस, अंजू. मला खात्री आहे. सकाळची गाडी धरून दुपारी माळावर पोचली असतीस, रडत रडत साहेबांपुढं बोलली असतीस, आईनं तुला पोटाशी धरलं असतं, बायकांनी डोळे पुसले असते, आणि माझंही काळीज विरघळलं असतं. सगळं माफ. घर तुझं, आई तुझी, आणि वर पोरगी किती धीराची म्हणून गावभर नाव. तेच मला होऊ द्यायचं नाही. आज शनिवार आहे. मी आष्टीच्या पोस्टासमोर बसून या शेवटच्या ओळी लिहितेय. टपालाची गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली, ती वळणाआड जाईपर्यंत मी थांबले. आता हे पेटीत टाकलं तरी सोमवारीच उचलतील, उद्या रविवार. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल आणि तुझ्या बापाच्या भिंतींवर तू लिहिलेलं खरं झालेलं असेल. काकीची काळजी करू नको. परवाच तिची भांडी अन् गोधड्या मी आमच्या घरात आणल्या, माझं घर आता नकाशात आहे. ती माझ्या लेकीला कुशीत घेऊन झोपते. तिला भेटायला आलीस तर आमच्या दारात येऊन आवाज दे, मी चहा करीन.

तुझीच,
मनी